कंबरेचें रिव्हॉल्व्हर आणि खुंटीवरची बंदूक

चिपळुणाहून संगमेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावर्डें लागतें. कोंकणांतील बहुतेक गांवांप्रमाणें हेंही गांव एका ठिकाणीं दाटून बसलेलें नाहीं. त्याच्या वाड्या विखुरलेल्या आहेत, आणि एका अंगणांतून घातलेली हाक दुसऱ्या अंगणांत पोंचेलच असा भरंवसा नसतो. ह्या मुलखांतील एकाकी घरांतून पडवीच्या खुंटीवर लांब नळीची एक बंदूक टांगलेली असे. परवाना असलेल्या शेतकऱ्यांपाशीं ती आजही आहे. लोक तिला ठासणीची बंदूक म्हणतात. नळीच्या तोंडांतून दारू ओतावयाची, चिंधी घालून गजानें ठासावयाची, वर छरे सोडावयाचे, ते गळूं नयेत म्हणून पुन्हां चिंधी ठासावयाची, आणि शेवटीं कानावर केप बसवावयाची. एवढा सोपस्कार झाला कीं हातीं येतो तो एक बार. तो चुकला कीं सर्व खटाटोप पहिल्यापासून. आणि समोरचें जनावर तोंवर वाट पाहत उभें राहत नाहीं.

अशा घरांतील मनुष्यास, खिशांत मावणाऱ्या लहान रिव्हॉल्व्हरांतील पांच-सहा गोळ्या स्वसंरक्षणास पुरतात कीं नाहींत, असा प्रश्न कोणीं घातला तर त्याला तो थोडासा चैनीचा वाटेल. ज्याच्या घरीं जन्मभर एका बारावर निभावलें, त्याला सहा म्हणजे सुकाळच. तथापि प्रश्न चैनीचा नाहीं. गेलीं पावणेदोनशे वर्षें सैनिक, प्रवासी, पोलीस आणि कायदे करणारे मुत्सद्दी हे सर्व तो निरनिराळ्या भाषांत विचारीत आले आहेत, आणि त्यांना मिळालेलीं उत्तरें एकमेकांशीं जुळत नाहींत.

महाराष्ट्राच्या इतिहासांत जवळ बाळगलेल्या लहान शस्त्रानें जीव वांचविल्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोणतें, हें सांगण्याची गरज नाहीं. इ. स. १६५९ च्या नोव्हेंबरच्या १० तारखेस प्रतापगडाखालीं जी भेट झाली, तींत शिवाजी महाराजांपाशीं तलवार दिसत नव्हती. बिचवा आणि वाघनखें हीं दोन्ही मुठींत किंवा अस्तनींत दडणारीं शस्त्रें. त्यांचा तपशील बखरींतून वेगवेगळा येतो. परंतु त्या प्रसंगाचा एक भाग मात्र बहुधा घाईंत सांगितला जातो. खानाचा पहिला वार अडला तो बिचव्यानें नव्हे. तो अंगरख्याखालच्या चिलखतानें अडला. आणि खान पडल्यावर महाराजांवर धांवून आलेल्या सय्यद बंडाचा वार अडला तो जिवा महाला जवळ होता म्हणून. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्या मुलखांत सर्वतोमुखीं आहे. शस्त्र लहान असो कीं मोठें, पहिला घाव सोसण्याची कांहीं तरतूद आणि दुसरा घाव अडविणारा दुसरा मनुष्य ह्या दोन गोष्टी हिशेबांत धरल्या नाहींत, तर नुसती शस्त्राची मोजदाद अर्धीच राहते.

पिस्तूल आलें तें प्रथम एका बाराचेंच. तोड्याच्या जागीं चकमक आली, चकमकीच्या जागीं केप आली, पण बार एकच राहिला. म्हणून घोडेस्वार पिस्तुलांची जोडी खोगिराला लटकवी, आणि दोन्ही रिकामीं झालीं कीं तलवार उपसी. त्या काळीं ‘किती गोळ्या’ ह्या प्रश्नाचें उत्तर तलवार देत असे. पिस्तूल हें झगड्याचें केवळ प्रास्ताविक होतें.

हा क्रम मोडला तो अमेरिकेंतील सॅम्युएल कोल्ट ह्यानें. त्याच्या फिरत्या चक्राच्या पिस्तुलास इ. स. १८३६ मध्यें अमेरिकेंत पेटंट मिळालें. इ. स. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत त्यानें आपलीं रिव्हॉल्व्हरें मांडलीं, आणि त्याच प्रदर्शनांत रॉबर्ट ॲडम्स ह्या इंग्रज कारागिरानें आपलें निराळ्या धाटणीचें रिव्हॉल्व्हर पुढें आणलें. येथून जो वाद सुरू झाला, तो आजच्या प्रश्नाचा मूळपुरुष होय. कोल्टच्या नेव्ही नमुन्यांत सहा बार होते, पण गोळी लहान. आणि प्रत्येक बारापूर्वीं अंगठ्यानें घोडा चढवावा लागे. ॲडम्सच्या हत्यारांत बार पांचच. परंतु गोळी जाड, सांगाडा एकसंध आणि मजबूत, आणि घोडा वेगळा चढविण्याची जरूर नाहीं. चाप पूर्ण ओढला कीं घोडा आपोआप चढून बार उडे. एकाकडे संख्या आणि नेम, दुसऱ्याकडे धक्का आणि वेग.

ह्या वादाचा निकाल प्रयोगशाळेंत लागावयाचा नव्हता. इ. स. १८५४ च्या नोव्हेंबरांत क्रिमियांतील इंकरमनच्या लढाईंत ८८ व्या पलटणीच्या क्रॉस नांवाच्या अधिकाऱ्यास चार रशियन शिपायांनीं घेरलें. मांडींत संगीन घुसली असतां त्यानें ॲडम्सच्या रिव्हॉल्व्हरानें आपली सुटका करून घेतली, आणि मागाहून कारागिरास पत्र लिहून कळविलें कीं प्रत्येक बाराला घोडा चढवावा लागता, तर आपण जिवंत राहिलों नसतों. चार शत्रू आणि पांच गोळ्या! हिशेब कसाबसा जुळला, इतकेंच. सत्तावनच्या धामधुमींत हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या कंबरेस रिव्हॉल्व्हर होतें, आणि त्यांच्यांत पुढें एक हकीकत सांगितली जाई: उत्तम नेमबाज म्हणून मिरविणाऱ्या एका अधिकाऱ्यानें अंगावर धांवून येणाऱ्या शिपायाच्या छातींत कोल्टच्या बहुतेक साऱ्या गोळ्या उतरविल्या, आणि तरीही त्या शिपायानें पोंचून तलवारीच्या एका घावांत त्याला ठार केलें. हकीकतीचा पुरावा तपासून पाहणें कठीण आहे. सैनिकांच्या ओठांवरच्या गोष्टी अशाच असतात. परंतु तिच्यावर विश्वास ठेवला गेला, आणि हिंदुस्थानांत वावरणाऱ्या अधिकाऱ्यांची आवड जाड गोळीकडे झुकली, हें खरें. लहान गोळ्या अनेक कीं जाड गोळ्या थोड्या, असा तो कौल होता. लहान आकाराच्या हत्यारांत दोन्ही एकदम साधत नाहींत. चक्र जेवढें बारीक तेवढीं भोंकें कमी, आणि भोंकें वाढविलीं तर गोळी बारीक. आजतागायत कोणाही कारागिरास ह्या अडचणींतून सर्वस्वीं सुटतां आलेलें नाहीं.

धातूच्या नळीचें तयार काडतूस आल्यावर रिव्हॉल्व्हर लहान होऊं लागलें. इ. स. १८५७ मध्यें स्मिथ आणि वेसन ह्यांनीं सात बारांचें, अगदीं बारीक गोळीचें खिशांतलें रिव्हॉल्व्हर काढलें. इ. स. १८७२ च्या सुमारास वेब्ली कंपनीनें आंखूड नळीचें, जाड गोळीचें, पांच बारांचें ‘बुलडॉग’ बाजारांत आणलें, आणि ओव्हरकोटाच्या खिशांत ठेवावयाचें तें हत्यार जगभर गेलें. पुढें इ. स. १९५० मध्यें स्मिथ आणि वेसन ह्यांनीं जें पांच बारांचें लहान रिव्हॉल्व्हर काढलें, त्याचा वंश आजही चालू आहे. म्हणजे पांच हा आंकडा कोणीं संशोधन करून ठरविला असें नाहीं. मनुष्याच्या खिशाच्या मापानें तो ठरविला.

ह्या काळांत कोंकणांतील मनुष्याचें काय चाललें होतें? त्याच्यापुरता प्रश्न निराळ्याच रीतीनें सुटला होता. लॉर्ड लिटन ह्याच्या कारकीर्दींत इ. स. १८७८ चा अकरावा कायदा झाला, आणि परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा हिंदी मनुष्याचा गुन्हा ठरला. युरोपियनांना त्यांतून सूट होती. एकाच घाटानें जाणाऱ्या दोन प्रवाशांपैकीं एकाच्या खिशांत पांच बार, आणि दुसऱ्याच्या हातांत वेताची काठी. कुंभार्ली घाटांतला बिबट्या अगर वाटमाऱ्या हा भेद जाणीत नव्हता. राष्ट्रसभेनें आरंभींच्या अधिवेशनांपासूनच ह्या कायद्याविरुद्ध ठराव केले. गांधीजींसारख्या अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेंही सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत अत्यंत काळा म्हणून गणला आहे. इ. स. १९३१ च्या कराची येथील ठरावांत तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असें कलमच घातलें गेलें.

त्या कायद्याच्या छायेंत महाराष्ट्रांत पिस्तुलाचा जो इतिहास घडला, तो स्वसंरक्षणाचा नव्हे, राजकीय वधांचा आहे. परंतु प्रस्तुत प्रश्नावर तो प्रकाश टाकतो. इ. स. १८९७ च्या जूनच्या २२ तारखेस रात्रीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं रँड ह्याच्यावर गोळी झाडली ती चालत्या गाडीच्या मागल्या बाजूनें. इ. स. १९०९ च्या डिसेंबरच्या २१ तारखेस नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे ह्यांनीं जॅक्सन ह्याच्यावर ब्राउनिंग पिस्तूल झाडलें. जॅक्सन निरोपाच्या ‘शारदा’ नाटकास आला होता. ह्या दोन्ही प्रसंगीं मारल्या गेलेल्या मनुष्यापाशीं सहा गोळ्या असत्या कीं साठ असत्या, फरक पडला नसता. हात खिशाकडे जाण्यास जो क्षण लागतो, तोच त्यांना मिळाला नाहीं.

इ. स. १९३१ च्या जुलैच्या २२ तारखेस मात्र उलट घडलें. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयांत वासुदेव बळवंत गोगटे ह्यांनीं हंगामी गव्हर्नर हॉटसन ह्याच्यावर अगदीं समोरून गोळ्या झाडल्या. अंतर हातभर, तरी हॉटसन वांचला. गोळी खिशांतील पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. एवढ्या जवळून, एवढ्या निश्चयानें मारलेली गोळी एका बटणापुढें हरते, हें ज्यानें लक्षांत ठेवलें तो आपल्या खिशांतील पांच गोळ्यांची किंमत पांचांहून बरीच कमी धरील. बटणाचा योग रोज येत नाहीं. पण घाईचा, अंधाराचा आणि थरथरत्या हाताचा योग रोजचाच असतो.

संख्येच्या बाजूनें बोलणाऱ्यांचा सर्वांत बळकट पुरावा अमेरिकन पोलिसांच्या इतिहासांतला आहे. इ. स. १९७० च्या एप्रिलांत कॅलिफोर्नियांतील न्यूहॉल येथें दोन गुन्हेगारांनीं चार गस्तीच्या शिपायांना ठार केलें. त्यांतला एक, रिव्हॉल्व्हरांतील गोळ्या संपल्यामुळें तें पुन्हां भरीत असतां मारला गेला. इ. स. १९८६ च्या एप्रिलच्या ११ तारखेस मायामी येथें केंद्रीय तपास खात्याचे आठ अधिकारी दोन दरोडेखोरांशीं झुंजले. दोन अधिकारी मेले, पांच घायाळ झाले. बहुतेकांपाशीं रिव्हॉल्व्हरें होतीं, आणि समोर रायफल होती. त्यानंतर त्या खात्यानें रिव्हॉल्व्हरास निरोप देऊन अधिक काडतुसांचीं पिस्तुलें घेतलीं, व इतर पोलीस दलांनीं तीच वाट धरली. येथें प्रकरण मिटलें असें सामान्यतः समजतात. परंतु मायामीच्या त्याच झगड्याचा शेवट कसा झाला तें पाहण्यासारखें आहे. एडमंडो मिरेलेस नांवाचा अधिकारी, एक हात निकामी झालेला असतां, उठून चालत गेला आणि त्यानें आपल्या सहाबारी रिव्हॉल्व्हरानें दोघांचाही निकाल लावला. सहा गोळ्या अपुऱ्या म्हणून जिच्याकडे बोट दाखवितात, ती लढाई सहा गोळ्यांनींच संपली. अर्थात् त्यापूर्वीं दुसऱ्यांनीं शंभरावर गोळ्या उडविल्या होत्या, हेंही विसरतां येत नाहीं.

पोलीस आणि सामान्य नागरिक ह्यांची तुलना तरी कितपत योग्य? पोलीस पाठलाग करतो. नागरिकास सुटून जावयाचें असतें. पोलिसाला झगडा जिंकावा लागतो. नागरिकाला दार लावून घेण्याइतका अवधि मिळाला तरी पुष्कळ झालें. ह्या दृष्टीनें लहान रिव्हॉल्व्हराचे कांहीं गुण खरोखर मोलाचे आहेत. तें महिनोन्महिने पेटींत पडून राहिलें तरी त्याची कमान थकत नाहीं. एखादें काडतूस सर्दावून फुसकें निघालें तर चाप पुन्हां ओढावा. पुढचें काडतूस आपोआप समोर येतें. कोंकणांतल्या पावसाळ्यांत, जेथें तांदळाला सुद्धां ओल लागते, तेथें हा गुण लहान नव्हे. आणि एकट्या चोरास परतविण्यास पहिला बारच बहुधा पुरा होतो. उलट पक्षीं, दरोडेखोर टोळीनें आले, तर पांच गोळ्यांचा धनी फार तर पहिल्या दोघांना थांबवील; आणि रिकामें चक्र अंधारांत भरणें हें ठासणीच्या बंदुकीहून सोपें असलें, तरी दारांत मनुष्यें उभीं असतां तें सोपें नाहीं. वन्य जनावरांविषयीं तर बोलावयासच नको. चवताळलेल्या रानडुकरापुढें बारीक गोळीचें रिव्हॉल्व्हर घेऊन उभें राहण्यापेक्षां झाड गांठलेलें बरें.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न घटनासमितीसमोर आला, आणि त्याला उत्तर देणारा पुरुष रत्नागिरी जिल्ह्याच्याच मातींतला होता. इ. स. १९४८ च्या डिसेंबरांत हरि विष्णु कामथ ह्यांनीं शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. कराचीच्या ठरावाची आठवण त्यांच्या बाजूस होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे, ह्यांनीं ती नाकारली. परक्या सरकारनें सर्व प्रजेला निःशस्त्र केलें असतां त्या मागणीला जो अर्थ होता, तो बदललेल्या स्थितींत राहिला नाहीं. प्रत्येकानें बाजारांत जाऊन वाटेल तें हत्यार विकत घ्यावें अशी मोकळीक दिल्यास राज्य चालविणेंच अशक्य होईल, असा त्यांचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. शतकानुशतकें दडपल्या गेलेल्या समाजाच्या पुढाऱ्यानें हें उत्तर द्यावें, ह्याचा विचार करणाऱ्यानें सावकाश करावा. शस्त्राची मोकळीक प्रथम ज्याच्या हातीं पैसा त्याच्या हातीं जाते, ही गोष्ट त्यांना कोणीं शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

पुढें इ. स. १९५९ मध्यें जो शस्त्रकायदा झाला, त्याच्या १३ व्या कलमांत खुंटीवरची बंदूक आणि कंबरेचें रिव्हॉल्व्हर ह्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पिकांच्या संरक्षणाकरितां ठासणीची बंदूक, अथवा संरक्षण किंवा शिकारीकरितां निदान वीस इंच लांब नळीची साधी बंदूक मागणारास परवाना मिळण्याची वाट तुलनेनें मोकळी ठेवली. रिव्हॉल्व्हर ह्या वर्गांत बसत नाहीं. तें मागणारानें सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटविली पाहिजे. एका मनुष्यानें तीन शस्त्रें बाळगावीं ही पूर्वींची मर्यादा इ. स. २०१९ च्या दुरुस्तीनें दोनांवर आली. सैन्याच्या मापाचीं काडतुसें सामान्य नागरिकास मिळत नाहींत. सबब परवान्यावर मिळणारें देशी रिव्हॉल्व्हर बहुधा.३२ मापाचें, सहा बारांचें असतें. कानपूरच्या फील्ड गन कारखान्यानें इ. स. २०१४ मध्यें स्त्रियांच्या संरक्षणाचें म्हणून जें ‘निर्भीक’ काढलें, तेंही ह्याच मापाचें. वजन अर्धा किलो, आणि किंमत त्या वेळीं सव्वा लाखाच्या आसपास. सहा गोळ्या पुरतात कीं नाहीं ह्या प्रश्नाआधीं किंमत आणि परवाना हीं दोन दारें ओलांडावीं लागतात. सावर्ड्याच्या वाडीवर एकटी राहणारी स्त्री तीं कशीं ओलांडणार, ह्याचा विचार नांव ठेवणारांनीं कितपत केला होता कोण जाणे!

शस्त्र मिळालें तरी तें केव्हां चालवावें ह्यालाही सीमा आहेच. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वीं दंडसंहितेंत होता, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ ह्या कलमांत आहे. परंतु संरक्षणास जेवढी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यास तो हक्क पुरत नाहीं. पहिली गोळी लागून चोर पळूं लागला, तर चक्रांत उरलेल्या पांच गोळ्यांचा कायद्यानें कांहींच उपयोग नाहीं. जनावरांच्या बाबतींतही तसेंच: वन्यजीव कायद्याप्रमाणें प्रामाणिकपणें जीव वांचवितांना जनावर मारलें तर तो गुन्हा होत नाहीं, पण पीक खाणाऱ्या डुकरास मारण्यासाठीं, बंदुकीचा परवाना खिशांत असूनही, वनखात्याची अनुज्ञा लागते.

ह्या सगळ्यांत कोंकणच्या शेतकऱ्याचें एक गाऱ्हाणें असें आहे, कीं निवडणूक आली कीं बंदुका पोलीस ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम निघतात. इ. स. २०२४ मध्यें रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाचें मतदान ७ मे रोजीं झालें. काजू आणि आंबा हातीं येण्याचे, वानर-माकडें बागांतून उतरण्याचे दिवसही तेच. ज्याला हुकूम येतो, त्याची एका बाराची बंदूक ऐन हंगामांत चिठ्ठी बांधून ठाण्याच्या भिंतीला उभी असते, आणि बागेंत राखणदार डबा वाजवीत बसतो.

१९५९ च्या त्याच कलमांत एक लहानसें परंतुक आहे. एखाद्या ठिकाणची परिस्थिति पाहतां पिकांच्या रक्षणास ठासणीची बंदूक पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर त्यानें दुसऱ्या साध्या नळीच्या बंदुकीचा परवाना देण्यास हरकत नाहीं. रिव्हॉल्व्हराविषयीं जो प्रश्न वाद घालणारे आपसांत सोडवूं शकले नाहींत, तो बंदुकीपुरता कायद्यानें अशा प्रकारें अधिकाऱ्याच्या मेजावर ठेवला आहे. डोंगरउतारावरील शेताचा मालक अर्ज लिहितो, आणि एक बार आपल्याला कां पुरत नाहीं ह्याचें कारण त्या कागदावर त्याला स्वतःच मांडावें लागतें.